अंतर टिटवीचे, कात्री आमची

पर्वत पाटियाला पर्वत नाही, हे सुरतेला प्रथमच येणाऱ्या पाहुण्यांना आम्हांस दर वेळी सांगावे लागते. पर्वत हे मूळ गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावरचा त्या गावाचा फाटा. कडोदरा-बारडोलीकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज कापडाची गोदामे, दुकाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे येथे आणि लिंबायत, गोडादरा, डिंडोली या आसपासच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अशा ठिकाणाहून वन्यजीवांच्या छायाचित्रणावर लेख यावा, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु दोन इमारतींच्या मध्ये एखादा भूखंड काही वर्षे मोकळा पडून राहतो, त्यावर खडी आणि विटांचा चुरा साचतो, कडेने वेडी बाभूळ माजते, आणि एखाद्या उन्हाळ्यात टिटवी तेथे येऊन अंडी घालते. रानाला वस्तीत यायला एवढी जागा पुरते.

२०२३ सालच्या एप्रिलात आमच्या घरामागच्या भूखंडावर असेच घडले. आमच्या भाच्याला त्याच वर्षी नवा डिजिटल कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स मिळाली होती. गणेशोत्सवात परिसरातील पक्ष्यांच्या छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरवावे, असे मंडळातील मुलांच्या मनात होते. प्रत्येक चित्र १२ × १८ इंचांचे असावे, असेही ठरले होते. एके दिवशी भल्या सकाळी आम्ही दोघे कुंपणाच्या पडक्या भिंतीआड जाऊन बसलो. टिटवी वीस मीटरांवर अंड्यांवर बसली होती. भाच्याने दोन-चार चित्रे घेतली, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. पक्षी फारच लहान दिसत होता.

“मामा, चार पावलं पुढं जाऊ का?” तो हळूच म्हणाला. “इथून घेतलं तर क्रॉप करावं लागेल, आणि क्रॉप केलं की मोठा प्रिंट फाटतो.”

आम्ही त्याचा हात धरला. का धरला, आणि तो न फाटलेला प्रिंट पुढे कसा मिळाला, ते येथे सांगावयाचे आहे.

चार पावलांची किंमत

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळसा खळगा, भोवती चार खडे, आणि त्यात बहुधा चार अंडी, इतकाच तिचा संसार. अंड्यांचा रंग मातीसारखा आणि त्यांवर काळसर ठिपके असल्यामुळे दोन हातांवरूनही ती खड्यांत ओळखू येत नाहीत. हेच तिचे संरक्षण. कोणी जवळ आले की ती उठते, आरडाओरडा करीत डोक्यावर घिरट्या घालते आणि आगंतुकाला भलतीकडे नेण्याचा प्रयत्न करते. छायाचित्रकाराला हा प्रसंग मोठा रंगतदार वाटतो. परंतु तेवढा वेळ अंडी उघडी असतात.

सुरतेच्या एप्रिल-मे महिन्यांत उघडी अंडी म्हणजे काय, हे तापलेल्या गच्चीवर अनवाणी पाऊल टाकून पाहणाऱ्यालाच कळेल. या दिवसांत टिटवीला अंडी उबविण्यापेक्षा ती निववावी लागतात. ऐन दुपारी ती अंड्यांवर उभी राहून आपल्या अंगाची सावली धरते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. असा क्रम जवळजवळ महिनाभर चालतो. त्या काळात कोणी अर्धा तास जवळ ठाण मांडून बसले, तर अंड्यांतील जीव उन्हाने जाऊ शकतो. शिवाय वस्तीतले कावळे आणि कुत्री माणसाच्या हालचालींवर लक्ष ठेवून असतात. आपण जेथे वाकून पाहिले, तेथे काही आहे हे त्यांनाही समजते.

कायद्यानेही ही गोष्ट किरकोळ मानलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी अथवा घरटी विस्कळीत करण्याचाही समावेश आहे. आमच्या भाच्याच्या हातात बंदूक नव्हती हे खरे, पण टिटवीला त्याने काय फरक पडला असता?

आता त्या चार पावलांचा लाभ पाहा. चार पावले म्हणजे फार तर तीन मीटर. वीस मीटरांवरून सतरा मीटरांवर आल्याने चित्रातील पक्ष्याची लांबी जेमतेम एक षष्ठांशाने वाढते. पक्षी दुप्पट मोठा हवा असेल तर अंतर निम्मे करावे लागते, म्हणजे थेट दहा मीटरांवर जावे लागते. आणि तोपर्यंत टिटवी केव्हाच उडालेली असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, अंतर किती असावे हे पक्ष्याने ठरवावे आणि उरलेले काम कात्रीने करावे. ती कात्री नीट चालवायला शिकणे, हे मात्र आपले काम आहे.

पिक्सेलांचे थान

सुरतेच्या वाचकांना हे कापडाच्या भाषेत सांगणे सोपे. डिजिटल छायाचित्र म्हणजे पिक्सेल नावाच्या रंगीत ठिपक्यांचे एक थान. आमच्या भाच्याच्या कॅमेऱ्यात हे थान ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच आहे, म्हणजे एकूण २ कोटी ४० लाख पिक्सेल. छापखान्यात इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण उत्तम मानतात. त्या हिशेबाने पूर्ण चित्र २० इंच रुंद आणि सव्वातेरा इंच उंच, अगदी खुटखुटीत छापता येते.

क्रॉप करणे म्हणजे या थानातून हवा तेवढा तुकडा बेतून घेणे. बेतताना पहिली चूक होते ती हिशेबाची. रुंदी निम्मी आणि उंची निम्मी ठेवली की “अर्धे चित्र ठेवले” असे आपण म्हणतो. वास्तविक तेथे ३००० × २००० पिक्सेल, म्हणजे ६० लाख उरतात. चारांपैकी तीन हिस्से गेलेले असतात. इंचाला ३०० या प्रमाणाने हा तुकडा १० इंचांच्या आतबाहेरच पुरतो. तोच १८ इंचांवर ताणला तर इंचाला सुमारे १६७ पिक्सेल येतात. विरळ विणीचे कापड ताणले की सुते दिसू लागतात. चित्राचेही तसेच होते. प्रिंट “फाटणे” ते हेच.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. संगणकात चित्राच्या माहितीमध्ये ‘७२’ किंवा ‘३००’ असा आकडा दिसतो आणि तो बदलला की चित्र सुधारले असे पुष्कळांना वाटते. तो आकडा म्हणजे थानावरची चिठ्ठी. चिठ्ठीवर जादा मीटर लिहिल्याने कापड वाढत नाही. पाहावयाचे ते पिक्सेल किती आहेत एवढेच. मोबाइलमध्ये दोन बोटांनी चित्र ओढून ‘झूम’ करणे, हेही लेन्सच्या आवाक्यापलीकडे बहुतेक वेळा क्रॉपच असते. फरक इतकाच की कात्री आपल्या नकळत चाललेली असते. आणि व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले चित्र वाटेतच आटून जाते. छापण्यासाठी चित्र पाठवावयाचे तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, नाहीतर पेनड्राइव्हवर द्यावे.

कोठून पाहणार, हे आधी ठरवा

इंचाला ३०० हा आकडा देवाने दिलेला नाही. निरोगी डोळ्याला सामान्यतः अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा ओळखता येतो. चित्र हातात, एका फुटावर धरले तर या हिशेबाने इंचाला सुमारे २९० पिक्सेल लागतात. तेथून हा ३०० चा दंडक आला. तेच चित्र भिंतीवर टांगून दोन फुटांवरून पाहिले तर १४५ पिक्सेल पुरतात, आणि एक मीटरवरून ८७. रस्त्यावरच्या अवाढव्य जाहिरात-फलकांवर इंचाला पंधरा-वीस पिक्सेल असले तरी चालून जाते, कारण त्यांना कोणी नाक लावून पाहत नाही.

म्हणजे १६७ पिक्सेलांचा आमचा १२ × १८ चा प्रिंट भिंतीवर नीट दिसणार होता. टिटवीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. वीस मीटरांवरून ३०० मिलिमीटरच्या लेन्सने आणि त्या कॅमेऱ्याने ती साधारण १३०० पिक्सेल लांब टिपली जाते. ३००० पिक्सेल रुंदीच्या तुकड्यात ती १८ इंचांपैकी आठ इंच व्यापते. प्रदर्शनात उठून दिसायला एवढे पुष्कळ झाले. आमचा अनुभव असा की हातात धरण्याच्या चित्राला इंचाला दोनशेच्या वर, भिंतीवरच्या चित्राला दीडशेच्या आसपास पिक्सेल असले की भागते. शंभराच्या खाली उतरू नये. चकचकीत कागद दोष उघडे करतो. मंद पोताचा, अर्थात मॅट कागद ते पोटात घालतो. क्रॉप फार केला असेल तर मॅटच घ्यावा.

तरीही मन साशंक असेल, तर शितावरून भाताची परीक्षा करावी. मोठ्या प्रिंटला पैसे घालण्यापूर्वी चित्रातला पक्ष्याच्या डोळ्याभोवतीचा तेवढाच भाग साध्या ४ × ६ इंचांच्या कागदावर त्याच प्रमाणात छापून घ्यावा. आमच्या उदाहरणात तो भाग १००० × ६६७ पिक्सेलांचा झाला. हा तुकडा भिंतीला चिकटवून जेथून लोक पाहणार तेथे उभे राहावे. मोठा प्रिंट कसा येणार, ते दहा-वीस रुपयांत कळते.

कात्री दोषही मोठे करते

क्रॉप केल्याने पिक्सेल घटतात एवढेच नव्हे, उरलेल्या भागातील प्रत्येक दोष वाढतो. म्हणून क्रॉपची तयारी बटण दाबण्यापूर्वीच करावी लागते. हात हलल्याने आलेला धूसरपणा दुप्पट दिसतो. यास्तव ३०० मिलिमीटरच्या लेन्सला सेकंदाचा हजारावा भाग हा वेग आम्ही किमान धरतो आणि लेन्स भिंतीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवितो. चित्राचा एक चतुर्थांश भाग ठेवणे म्हणजे मिळालेल्या प्रकाशाचाही एक चतुर्थांश ठेवणे. त्यामुळे आय.एस.ओ. ४०० वर घेतलेल्या चित्राचा क्रॉप, छापल्यावर, आय.एस.ओ. १६०० च्या चित्रासारखा दाणेदार दिसतो. तेव्हा उजेड भरपूर असावा.

पण उजेड म्हणजे दुपार नव्हे. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते आणि त्या लहरींतून दूरचा पक्षी पाण्यातल्यासारखा हलतो. कितीही महाग लेन्स आणली तरी हा दोष जात नाही. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास हा चित्रालाही चांगला आणि टिटवीलाही. पक्षी उभा असेल तर कॅमेराही उभा धरावा, हेही ध्यानात ठेवावे. आडव्या चित्रातून नंतर उभे चित्र बेतले तर ६००० × ४००० मधून २६६७ × ४००० एवढाच पट्टा निघतो; निम्म्याहून अधिक थान वाया जाते.

घरी आल्यावरही क्रम पाळावा. कॅमेऱ्यात ‘रॉ’ ही कच्ची नोंद घेण्याची सोय असेल तर तीच वापरावी आणि मूळ चित्राला कधीही हात लावू नये. काम त्याच्या प्रतीवर करावे. आधी क्रॉप, मग रंग-उजेड, त्यानंतर दाणे किंचित कमी करणे, मग छापण्याच्या आकाराला नेणे आणि सर्वांत शेवटी धार देणे. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठवीत गेल्यास दर वेळी थोडे थोडे झिजते, म्हणून अखेरची प्रत एकदाच, उच्च दर्जाने साठवावी.

क्रॉप करताना कागदाचे प्रमाणही आपणच ठरवावे. ४ × ६, ८ × १२ आणि १२ × १८ हे कागद कॅमेऱ्याच्या तीनास-दोन या प्रमाणाशी जुळतात. ८ × १० जुळत नाही. एकदा आम्ही एका लॅबमध्ये काही न सांगता ८ × १० ची मागणी दिली आणि वेड्या राघूच्या शेपटीची सुंदर तार कागदाबाहेर राहिली. चूक आमची होती. बेतायचे काम आपण केले नाही तर यंत्र करते, आणि यंत्राला शेपूट कळत नाही.

कात्री आणि लबाडी

क्रॉप म्हणजे फसवणूक, असे काही जाणते म्हणतात. फिल्मच्या काळातही डार्करूममध्ये एन्लार्जरचे डोके वर चढवून हवा तेवढाच भाग कागदावर घेत असत. टी-शर्टांवर जगभर छापले गेलेले चे गव्हेराचे चित्र आल्बेर्तो कोर्दा याने १९६० साली हवाना येथे घेतले. मूळ चित्रात एका बाजूस दुसरा एक मनुष्य आणि दुसऱ्या बाजूस ताडाची पाने आहेत. ती छाटल्यावर उरला तो चेहरा जगाने पाहिला.

खरी सीमारेषा कोठे आहे, ते २०१० सालच्या एका प्रकरणात दिसले. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या स्पर्धेत स्तेपान रुदिक या छायाचित्रकाराला मिळालेले पारितोषिक परत घेण्यात आले. त्याने मूळ चित्रातील फार मोठा भाग छाटला होता. त्याला परीक्षकांची हरकत नव्हती. परंतु उरलेल्या भागात मागे डोकावणारा कोणाच्या तरी पावलाचा एक बारीकसा अंश त्याने पुसून टाकला होता, आणि पारितोषिक गेले ते त्यासाठी. कात्री क्षम्य, रबर नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. आजकाल संगणक विरळ चित्रात नवी पिसे भरून देतो. आकार थोडा वाढविण्यापुरते ते खपून जाईल. पण जे पीस कॅमेऱ्याने पाहिलेच नाही ते टिटवीचे म्हणून टांगणे आम्हांस पटत नाही. चित्र थोडे विरळ असावे, खोटे नसावे.

थानाचा उरलेला भाग

मे महिन्याच्या मध्यावर एके सकाळी खळगा रिकामा दिसला. क्षणभर आमच्या काळजात धस्स झाले. मग भाच्यानेच दाखविले: खडीच्या ढिगाआड टिटवीमागून तीन पिल्ले धावत होती. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात. चौथ्याचे काय झाले ते कळले नाही. आमच्या शेजारच्या गुजराती आजी मात्र टिटोडीने अंडी उंचावर घातली की खोलगट जागी, एवढेच विचारीत होत्या. त्यावरून त्या पावसाचा अंदाज बांधतात, आणि खाडीकाठच्या वस्तीत पावसाचा अंदाज ही हौसेची गोष्ट नसते.

गणेशोत्सवात चित्र लागले. लोक दोन-तीन फुटांवरून पाहत आणि डोळ्यापुढचा तो तांबडा लोळा पाहून “केवढ्या जवळून घेतलं!” असे म्हणत. भाचा हसून “वीस मीटरांवरून” म्हणून सांगे. त्याचा अभिमान आता या आकड्यात होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्या भूखंडाला पत्र्याचे कुंपण पडले. आज तेथे इमारत उभी आहे. गेल्या दिवाळीत भाच्याने त्या सकाळचे मूळ, न छाटलेले चित्र पुन्हा काढले आणि तेही १२ × १८ वर छापून आणले. त्यात इंचाला ३३३ पिक्सेल येतात. काहीच ताणावे लागलेले नाही. मध्यभागी सुमारे चार इंच लांब टिटवी, भोवती खडी आणि बाभूळ, मागे गठ्ठे लादलेला टेंपो, गोदामांची रांग, आणि एका गच्चीवर वाळत घातलेली आमच्याच घरची लुगडी. प्रदर्शनासाठी बेतताना हे सगळे आम्ही कापून बाजूला टाकले होते. त्या जागी टिटवी नांदली होती, याचा पुरावा आता तेवढाच उरला आहे.

आमच्या आईने वाळत घातलेल्या लुगड्यांची रांग ओळखली आणि मग बोट फिरवीत टिटवीवर आणले. “हे आपलं घर,” ती म्हणाली, “आणि हे तिचं.”

आपल्या घरी कपडे बेतल्यावर उरलेल्या चिंध्या पूर्वी कोणी फेकीत नसे. त्यांची गोधडी होई. तेव्हा वाचकहो, कात्री अवश्य चालवा, हिशेबाने चालवा, आणि पक्ष्याला त्याचे अंतर देऊन चालवा. मूळ थान मात्र जपून ठेवा.